पाळकाने काय राखावे? जर्मन मंडळीच्या इतिहासातील एक धडा

विद्यार्थीमित्रहो, जे ख्रिस्ती पाळक पवित्र शास्त्र व पूर्वजांपासून चालत आलेली विश्वासवचने यांस घट्ट धरून राहतात, त्यांस लोक 'जुन्या मताचे' म्हणतात. हे शब्द कोणी आदराने उच्चारतो, तर कोणी थट्टेने. परंतु जुने म्हणून जे जे आहे ते सर्वच राखण्याजोगे असते काय, आणि पाळकाच्या हाती नेमकी कोणती ठेव सोपविलेली आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून आदर किंवा थट्टा दोन्हीही व्यर्थ होत. ह्या प्रश्नाचे उत्तर जर्मनीच्या प्रोटेस्टंट पाळकांस १९३३ ते १९४५ ह्या बारा वर्षांत मोठी किंमत देऊन शोधावे लागले.

जर्मनी हा मार्टिन लूथर यांचा देश. तेथील बहुतेक पाळक धर्मात जुन्या मताचे होते, तसेच राजकारणातही होते. १९१८ च्या पराभवाने त्यांचा राष्ट्राभिमान दुखावला होता. पुढे मंदी व बेकारी यांनी लोक गांजले. ता. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला व राष्ट्राचा मान, कुटुंबाची नीती आणि जुनी शिस्त ही पुन्हा स्थापन करू असे सांगू लागला, तेव्हा कित्येक पाळकांस आनंद झाला. पुढे ज्यांनी त्याला विरोध करून वर्षानुवर्षे कारावास भोगला, त्या मार्टिन नीमोलर यांनीदेखील पूर्वी त्याच्याच पक्षास मत दिले होते. पहिल्या महायुद्धात ते पाणबुडीचे कप्तान होते. देशभक्ती त्यांच्या रक्तात होती.

लवकरच ह्या आनंदाचे मोल कळून आले. 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या पक्षाने जुलै १९३३ च्या मंडळीच्या निवडणुका जिंकल्या. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने असा नियम केला की, ज्यांचे पूर्वज यहूदी होते त्यांस पाळकपदावर राहता येऊ नये; मग ते बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती असले तरी हरकत नाही! ता. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या क्रीडामंदिरात सुमारे २०,००० लोकांसमोर ह्या पक्षाच्या राइनहोल्ड क्राउझे नामक पुढाऱ्याने, जुना करार मंडळीतून काढून टाकावा, अशी उघड मागणी केली.

येथे जुन्या मताच्या पाळकांत दोन वाटा फुटल्या. ज्यांस राष्ट्राचा जुना थाट राखावयाचा होता, ते प्रवाहाबरोबर गेले किंवा गप्प राहिले. ज्यांस देवाचे वचन राखावयाचे होते, त्यांस प्रवाहाविरुद्ध उभे राहणे भाग पडले. नीमोलर यांनी सप्टेंबर १९३३ मध्ये पाळकांचा एक आपत्कालीन संघ उभारला. पुढील वर्षाच्या आरंभी त्याचे सुमारे ७,००० सभासद झाले. नंतर ता. २९ ते ३१ मे १९३४ ह्या दिवसांत बार्मेन येथे धर्मसभा भरली. लूथरपंथी, सुधारित व संयुक्त अशा तिन्ही मंडळ्यांचे प्रतिनिधी तेथे एकत्र बसले आणि त्यांनी सहा कलमांचे एक जाहीर विश्वासपत्र मान्य केले. त्याचा मुख्य भाग बॉन येथील प्राध्यापक कार्ल बार्ट यांनी लिहिला होता. ह्या पत्रातून व त्या काळच्या पाळकांच्या वर्तनातून चार निष्ठा स्पष्ट दिसतात.

पहिली निष्ठा पवित्र शास्त्राविषयी. शास्त्र संपूर्ण स्वीकारावयाचे. काळास रुचेल तो भाग ठेवून न रुचेल तो गाळण्याचा अधिकार मंडळीस नाही. अब्राहाम व मोशे यांस बाहेर घालविले, तर दाविदाच्या कुळात जन्मलेल्या ख्रिस्तासही मंदिरात जागा उरत नाही.

दुसरी निष्ठा प्रभूविषयी. येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द होय. वंश, भूमी किंवा एखादा पुढारी ह्यांत देवाचे दुसरे प्रकटीकरण शोधणे मंडळीस वर्ज्य आहे. शिवाय, रविवार ख्रिस्ताचा आणि बाकीचे सहा दिवस दुसऱ्या धन्याचे, अशी जीवनाची वाटणीही करता येत नाही.

तिसरी निष्ठा सरकाराविषयी. बार्मेनच्या पत्राने सरकाराचा तिरस्कार केला नाही. न्याय व शांती राखणे हे सरकारास देवाने नेमून दिलेले काम आहे, हे त्यात मान्य केले आहे. परंतु मनुष्याच्या सर्व जीवनाचे धनी होऊ पाहणारे सरकार आपली मर्यादा ओलांडते. आणि सरकाराचे खाते होऊन बसणारी मंडळीही आपली मर्यादा ओलांडते.

चौथी निष्ठा कळपाविषयी. पाळकाची नेमणूक मंडळीची सेवा करण्याकरिता आहे, तिजवर हुकूम गाजविण्याकरिता नाही; म्हणून संकटाच्या वेळी कळप सोडून जाण्यास तो मोकळा नाही.

ह्या चारही निष्ठा एका खेड्यातील पाळकाच्या चरित्रात एकत्र पाहावयास मिळतात. पौल श्नायडर यांचा जन्म १८९७ मध्ये झाला. १९३४ पासून ते हुन्सरूक डोंगराळ प्रदेशातील डिकेनशीड व वोमराट ह्या दोन लहान मंडळ्यांचे पाळक होते. त्याच वर्षी हिटलरच्या युवक संघातील एका मुलाच्या अंत्यविधीप्रसंगी पक्षाच्या अधिकाऱ्याने सांगितले की, हा मुलगा आता स्वर्गात पक्षाच्या एका दिवंगत वीराच्या तुकडीत दाखल झाला आहे. श्नायडर यांनी तेथल्या तेथे हरकत घेतली. कबरेपाशी देवाचे वचनच सांगितले जावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांस काही दिवस अटकेत ठेवण्यात आले.

१९३७ मध्ये मंडळीची शिस्त पाळल्याबद्दल त्यांस पुन्हा धरले आणि सोडताना त्या प्रांतातून हद्दपार केले. हद्दपारी मान्य केली असती तर ते पत्नी मार्गारेटे व सहा मुले यांच्यासह अन्यत्र सुखाने राहू शकले असते. परंतु देवाने सोपविलेली मंडळी सरकारच्या हुकमाने सोडता येत नाही, असे ठरवून ता. ३ ऑक्टोबर १९३७ रोजी पिकाच्या आभारप्रदर्शनाच्या उपासनेस ते डिकेनशीडच्या व्यासपीठावर उभे राहिले. त्याच दिवशी त्यांस अटक झाली व नोव्हेंबरात त्यांची रवानगी बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली.

ता. २० एप्रिल १९३८ हा हिटलरचा वाढदिवस. सर्व कैद्यांनी स्वस्तिकाच्या झेंड्यापुढे टोपी काढावी असा हुकूम सुटला. श्नायडर यांनी काढली नाही. त्यांस फटके मारून एकांतकोठडीत टाकले. तेथील खिडकीतून हजेरीच्या मैदानावर उभ्या असलेल्या कैद्यांस ते मोठ्याने शास्त्रवचने ऐकवीत व छावणीतील खुनांचा जाहीर निषेध करीत. प्रत्येक वेळी मार बसे. ता. १८ जुलै १९३९ रोजी विषारी प्रमाणात औषध टोचून त्यांचा वध करण्यात आला. तेव्हा त्यांचे वय ४१ वर्षांचे होते.

ह्या इतिहासाची उणी बाजूही सांगितली पाहिजे. बार्मेनच्या पत्रात यहूदी शेजाऱ्यांच्या छळाविषयी एक शब्दही नाही. मंडळीच्या स्वातंत्र्यासाठी धैर्याने बोललेले कित्येक पाळक मंडळीबाहेरच्या मनुष्यावरील अन्यायाविषयी मुके राहिले. युद्धानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे नीमोलर व इतर पुढाऱ्यांनी, आपण अधिक धैर्याने साक्ष द्यावयास हवी होती, असा दोष जाहीरपणे पत्करला. ह्यावरून हे शिकावे की, शास्त्र राखणाऱ्याने शेजाऱ्यालाही राखले पाहिजे. कारण ती आज्ञा त्याच शास्त्रात आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, ह्या कथेतील प्रश्न तुमच्याही वाट्यास येईल. सर्व वर्ग एका बाजूस गेला असता आपण काय धरून ठेवणार, हे आधीच ठरविलेले बरे. ऐन प्रसंगी ते ठरविण्यास सवड मिळत नाही. आणि पालकहो, घरी एक बोलणे व दारावर अधिकारी आला म्हणजे दुसरे बोलणे, हे मुले पाहत असतात. मुलांस खरोखर काय राखावयास शिकवावयाचे आहे, ते आपल्या रोजच्या बोलण्यात व वागण्यात त्यांस दिसू द्यावे.

मननासाठी प्रश्न:
१. राष्ट्राचा अभिमान व देवावरील विश्वास यांत भेद केव्हा करावा लागतो?
२. बार्मेनच्या पत्रात सरकारास कोणते काम नेमून दिलेले आहे व कोणती मर्यादा सांगितली आहे?
३. हद्दपारी मान्य न करण्यात श्नायडर यांनी आपल्या कुटुंबावर अन्याय केला काय? दोन्ही बाजू मांडा.