जुन्या लॅपटॉपसाठी मुक्त प्रणालीची निवड

मुंबईच्या गिरणगावात अभ्यासिकेला जे महत्त्व आहे, ते अन्यत्र क्वचितच आढळेल. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत सहा-सात माणसांचे बिऱ्हाड. तेथे दहावीच्या मुलाने पुस्तक उघडावे कोठे? या अडचणीपोटीच येथे वाचनालये, अभ्यासिका आणि रात्रशाळा वाढल्या. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत हेच कार्य केले. आज अशा ठिकाणी वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एखादा लॅपटॉपही दिसतो. तो बहुधा देणगीदाखल आलेला, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला असतो. अकरावीची प्रवेश-नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र ही कामे त्यावर होतात. तो बंद पडला की मुलांना पदरचे पैसे मोजून बाहेर जावे लागते.

या यंत्रांपुढे अलीकडे एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित सुरक्षा-दुरुस्त्यांचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढील प्रणाली, विंडोज ११, किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर मागते. इंटेलच्या बाबतीत ही मर्यादा साधारणतः आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या यंत्रांपासून सुरू होते. त्यापूर्वीचा लॅपटॉप पडद्याने, कळफलकाने धडधाकट असूनही बाद ठरतो. त्यावर आधार क्रमांक व बँकेचा तपशील भरणे मात्र दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते.

यावर उपाय मुक्तस्रोत प्रणालीचा. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याभोवती उभ्या राहिलेल्या प्रणाली कोणीही विनामूल्य घ्याव्यात, बदलाव्यात, इतरांस द्याव्यात अशी मुभा आहे. महाराष्ट्राला त्या अपरिचित नाहीत. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील छोट्या शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती आलेले लॅपटॉप लिनक्सवरच चालणारे होते. त्याच वर्षी सी-डॅक या केंद्रीय संस्थेची ‘बॉस’ ही प्रणाली मराठीसह भारतीय भाषांची सोय घेऊन पुढे आली.

लिनक्सच्या प्रणाली मात्र शेकड्यांनी आहेत. पीठ एकच, कोणी त्याची भाकरी केली, कोणी थालीपीठ. नवख्याने नावाच्या मोहात न पडता प्रथम आपले यंत्र पाहावे. रॅम ४ जीबी व प्रोसेसर ६४ बिटांचा असल्यास ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई आवृत्ती बहुतेकांना मानवते. खाली डाव्या कोपऱ्यात यादी, उजवीकडे घड्याळ, ही तिची मांडणी विंडोजची सवय असलेल्यास परकी वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. रॅम २ जीबीच असेल तर त्याहून हलकी ‘लुबुंटू’ घ्यावी. परंतु एकाच वेळी न्याहाळकाची दहा पाने उघडण्याची अपेक्षा तिच्याकडूनही धरू नये. २००८ ते २०१० च्या सुमारास निघालेल्या काही लहान लॅपटॉपांत ३२ बिटांचे प्रोसेसर आहेत. डेबियनसारख्या जुन्याजाणत्या प्रणालीनेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून घेतली. ती यंत्रे महाजालाला न जोडता टंकलेखनाच्या सरावासाठी ठेवणेच बरे.

प्रणाली बदलण्याहूनही कधीकधी एक सुटा भाग बदलल्याने अधिक फरक पडतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास जुने यंत्र एकदम चपळ होते. गिरगावकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही, डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे लोकांच्या तोंडच्या लॅमिंग्टन रोडवर, असे सुटे भाग सहज मिळतात.

निवड झाली तरी स्थापनेची घाई करू नये. प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून, डिस्कला हात न लावता, यंत्र त्यावरूनच चालवून पाहता येते. ही सोय नवशिक्याच्या फार उपयोगाची; पण तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि मग पश्चात्ताप होतो. या चाचणीत वायफाय लागते का, आवाज येतो का, मुद्रक ओळखला जातो का, हे पाहावे. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय-चिपांना वेगळा चालक बसवावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्या ग्रामपंचायतीने वा कार्यालयाने ते चालते याची खात्री होईपर्यंत जुनी प्रणाली काढूच नये. स्थापनेच्या वेळी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यास आधीची प्रत्येक फाइल जाते. तिची प्रत अगोदरच अन्यत्र काढलेली असावी.

मराठीचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. युनिकोडमधील मजकूर लिनक्सवर नीट दिसतो व इन्स्क्रिप्ट कळफलक जोडता येतो. अडचण येते ती युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या जुन्या इतिवृत्तांची. तो टंक नसेल तर ठरावाच्या जागी नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. असे दस्तऐवज जुने यंत्र चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. रेमिंग्टन पद्धतीवर हात बसलेल्या लिपिकाला आपली मांडणी तेथे मिळते का, हेही त्या चाचणीतच कळते.

लिब्रे ऑफिस व लिनक्स शिकविणारे मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे पाठ मराठीतही आहेत. ते अभ्यासिकेतील दोघांनी तरी पाहून ठेवावेत. एकालाच सगळे ठाऊक असले, आणि नोकरी लागून तो दादरचा डोंबिवलीला गेला, की यंत्र पुन्हा कपाटात जाते. दर आठवड्याला दुरुस्त्या उतरविणे आणि परवलीचा शब्द वहीत नोंदवून कार्यवाहांच्या ताब्यात ठेवणे, ही कामे त्या दोघांकडे नावानिशी सोपवावीत.