सावंतवाडीचा आंबा हलका का?

प्रश्न : आमच्या गौरींपुढे दरवर्षी सावंतवाडीची लाकडी फळे मांडतो. पाहुणे हमखास फसतात. पण आंबा उचलला की हाताला वजनच लागत नाही. ही फळे आतून पोकळ असतात का? आणि तिथले कारागीर फळेच का करतात?

उत्तर : पाहुण्यांचे डोळे फसले आणि तुमचा हात फसला नाही, यातच अर्धे उत्तर आहे. फळ पोकळ नसते, भरीवच असते. खऱ्या आंब्याच्या गरात बहुतेक वजन पाण्याचे असते, तर हा आंबा वाळलेल्या लाकडाचा. त्यातही परंपरेने वापरतात ते पांगाऱ्याचे, म्हणजे फार हलके. पांगारा म्हणजे वसंतात लालभडक फुलणारे, काटेरी खोडाचे झाड. कोकणात त्याची फांदी कुंपणाला रोवली तरी जगते, मिरीचा वेल त्याच्यावर चढवतात. जळणाला किंवा इमारतीला या मऊ लाकडाचा फारसा उपयोग नाही. पण नेमक्या त्या मऊपणामुळे केळ्याचा बाक किंवा काजूबोंडाचा फुगीरपणा हत्याराने सहज काढता येतो. आता पांगारा पूर्वीसारखा मिळत नाही, म्हणून आंब्याचे लाकूडही घेतात. तुमच्याकडचा एखादा आंबा इतरांपेक्षा जड लागला, तर तो आंब्याच्याच लाकडाचा असू शकेल!

फळे साच्यातून काढतात, हा दुसरा गैरसमज. तसे असते तर सगळे आंबे एकसारखे निघाले असते. तुमचे दोन आंबे शेजारी ठेवून पाहा. एकाची चोच जरा पुढे, दुसऱ्याची आत वळलेली दिसेल. आधी आकार कोरायचा, मग घासून गुळगुळीत करायचा, त्यावर अस्तराचा थर देऊन शेवटी रंग. खरी करामत इथेच आहे. देठाजवळचा हिरवा रंग पिवळ्यात कुठे विरतो, हे ज्याने आंब्याची अढी रोज उलगडून पाहिली आहे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणून फळेच का, याचे उत्तर मला त्या गावातच दिसते. चतुर्थीला तिथे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. नारळ, काकडी, सुपारीचे घोस, रानफळे, सगळे खरे आणि टांगलेले. फळांकडे शोभेची वस्तू म्हणून पाहण्याची सवय तिथे घरोघरी आहे.

पण हात नुसत्या पाहण्याने तयार होत नाही. चितारआळीतल्या चितारी कुटुंबांच्या हाताला सावंत-भोसले संस्थानाच्या काळापासून वळण आहे. हेच लोक गोल पत्त्यांचा गंजिफाही रंगवत. दशावतारी गंजिफ्यात प्रत्येक अवताराचे 12, असे 120 पत्ते. तळहाताएवढ्याही नसलेल्या चकतीवर मासा, कासव, परशू काढणाऱ्या कुंचल्याला आंब्यावरचा ठिपका काय अवघड! ही गंजिफाकला विसाव्या शतकात जवळजवळ विझली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात रंगकाम करणारे कलावंत आजही पाहायला मिळतात. गेलात तर घाईने बाहेर पडू नका, एक पत्ता रंगताना शांतपणे पाहा.

आणि गौरी उठल्यावर फळे ओल्या फडक्याने पुसू नका. पाणी मुरले की लाकूड फुगते आणि रंगाला तडे जातात. कोरड्या मऊ कापडाने पुसून, सुती कपड्यात गुंडाळून ठेवा.