ज्योतीवरचा मणी

मुलांनो, आईच्या किंवा आजीच्या गळ्यातले मंगळसूत्र तुम्ही जवळून पाहिले आहे का? सोन्याच्या दोन वाट्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ओवलेले बारीक काळे मणी. हे मणी बहुधा काचेचे असतात. तान्ह्या बाळाच्या मनगटीतही असेच काळे मणी असतात. आता नीट विचार करा. काच ठिसूळ असते. पेला हातातून निसटला, की त्याचे तुकडे होतात. मग एवढ्याशा मण्याला आरपार भोक कोणी पाडले? आणि पाडताना तो फुटला कसा नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण थोडे लांब जाऊ. नकाशात अरबस्तान शोधा. सौदी अरेबिया आणि कतार यांच्यामध्ये समुद्रात काही लहान बेटे दिसतील. हा बहारीन देश. मनामा ही त्याची राजधानी. नोकरी-धंद्यासाठी गेलेली अनेक भारतीय कुटुंबे तिथे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. मनामा येथे १९८८ साली उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय आहे. समजा, तुम्ही त्या संग्रहालयात उभे आहात आणि समोर तीन मणी आहेत. एक तांबूस, एक पांढरा आणि एक निळा.

तांबूस मणी अकीक नावाच्या दगडाचा. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी बहारीनला दिलमून म्हणत. तिथले लोक मृत माणसांवर दगडमातीचे ढिगारे रचत. असे अकरा हजारांहून अधिक ढिगारे आजही तिथे आहेत. २०१९ साली त्यांचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला. या जुन्या थडग्यांत अकीकाचे मणी सापडले. ते सिंधू संस्कृतीच्या प्रदेशातून, म्हणजे आपल्या बाजूने, जहाजाने तिथे गेले होते. गुजरातमध्ये लोथल येथे मणी घडवण्याची जुनी कर्मशाळा उत्खननात सापडली आहे. अकीक फार कठीण. कारागीर त्याहून कठीण दगडाचे बारीक टोक घेऊन, ते फिरवत फिरवत भोक पाडत. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. एका लांब मण्यासाठी कित्येक दिवस लागत.

पांढरा मणी म्हणजे मोती. बहारीनचे मोती जगभर प्रसिद्ध होते. पाणबुडे नाकाला चिमटा लावून समुद्राच्या तळाशी जात आणि शिंपले घेऊन वर येत. त्यांतले पुष्कळ मोती जहाजाने कुठे येत, ठाऊक आहे? आपल्या मुंबईला! मुंबईतले कुशल कारागीर बारीक सामत्याने त्यांना भोक पाडत आणि सर ओवत. हात जरा हलला, तर मोलाचा मोती वाया जाई. पुढे जपानमध्ये शिंपल्यांची शेती करून मोती काढू लागले. १९३२ साली बहारीनमध्ये खनिज तेल सापडले. मग पाणबुड्यांचा तो जुना धंदा मागे पडला.

आता निळा मणी. हा काचेचा. ग्रीक लोक बहारीनला टायलॉस म्हणत. त्या काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत काचेच्या लहान लहान कुप्या सापडल्या आहेत. त्याच सुमारास आपल्याकडेही काचेचे मणी वापरात होते. महाराष्ट्रात नेवासे आणि तेर येथील उत्खननांत ते मिळाले आहेत. डॉ. मोरेश्वर दीक्षित या संशोधकांनी भारतातील काचेच्या इतिहासावर इंग्रजीत एक मोठा ग्रंथ लिहिला आहे.

अकीकाला भोक पाडले, मोत्याला भोक पाडले. पण काचेच्या मण्याची गंमत वेगळी. या मण्याला कोणी भोक पाडतच नाही! भोक आधी असते आणि मणी मागून त्याच्याभोवती तयार होतो.

कसे ते पाहा. वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवले, की काच तयार होते. त्यात कोबाल्ट नावाच्या धातूचा अंश मिसळला, तर ती निळी होते. तांब्याने हिरवट निळी होते, मॅंगनीजने जांभळी होते. अशा रंगीत काचेच्या कांड्या करतात. कारागीर एका हातात काचेची कांडी घेतो. दुसऱ्या हातात पोलादाची बारीक सळई असते. सळईला मातीसारखा लेप देऊन तो वाळवलेला असतो. कांडीचे टोक ज्योतीत धरले, की काच लालबुंद होते आणि मधासारखी ओघळू लागते. ती सळईवर घ्यायची आणि सळई फिरवत राहायची. फिरवणे थांबले, की काच एका बाजूला लोंबलीच! एकसारखी फिरवली, तर तिचा आपोआप गोल मणी होतो. त्यावर दुसऱ्या रंगाचे ठिपके देता येतात, रेघा ओढता येतात. मणी गार झाला, की सळईवरून ओढून काढायचा. सळई होती तिथे भोक राहते. लेपामुळे मणी सळईला चिकटत नाही.

पूर्वी हे काम तेलाच्या दिव्यावर, नळीने किंवा भात्याने हवा फुंकून करीत. आता गॅस आणि ऑक्सिजनची ज्योत वापरतात. जगात अनेक लोक केवळ छंद म्हणून हे काम शिकतात आणि स्वतःच्या माळा, कुड्या स्वतः बनवतात.

मंगळसूत्रातले मणी मात्र फार बारीक. ते एकेक वळवत बसले, तर पोत कधी पुरी व्हायची? त्यासाठी वितळलेल्या काचेच्या पोकळ गोळ्याची लांबच लांब नळी ओढतात. मग तिचे तुकडे करतात. नळीची पोकळी हेच मण्याचे भोक. आंध्र प्रदेशातील पापानायडूपेट या गावात ही जुनी रीत विसाव्या शतकातही चालू होती.

मणी वळवणे जमले, तरी खरी परीक्षा पुढेच असते. नव्याने शिकणाऱ्याला वाटते, 'झाला माझा मणी!' तो घाईने बाहेर ठेवतो. टिच् असा आवाज होतो आणि मणी तडकतो. असे का होते? मण्याची बाहेरची बाजू लवकर गार होऊन आकसते. आतली काच गरमच असते. त्या ओढाताणीत मणी फुटतो. कधी तो लगेच फुटत नाही, काही दिवसांनी फुटतो. म्हणून तो सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ठेवून हळूहळू निववतात. पूर्वी गरम राखेत पुरून ठेवीत. मणी वळवायला थोडा वेळ लागतो, निववायला काही तास लागतात. ज्याला थांबता येते, त्याचाच मणी टिकतो.

हे तुम्हांला घरी पडताळता येईल. शाडूची माती मळा. तेल लावलेल्या काडीभोवती तिचे दोन मणी वळा. एक कडक उन्हात ठेवा, एक सावलीत ठेवा. कोणता तडकतो ते पाहा. काचेचे काम मात्र स्वतः करू नका. ते मोठ्या माणसांचे काम आहे. तेही डोळ्यांना खास चष्मा लावून आणि खिडक्या उघड्या ठेवून करतात.

ही सावधगिरी सर्वांच्याच वाट्याला येत नाही. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे काचेच्या बांगड्यांचे शहर. तिथे बांगडीची तोंडे ज्योतीवर जोडण्याचे काम कित्येक घरांत चालते. दिवसभर ज्योतीपुढे बसून डोळे शिणतात, बोटे भाजतात. पूर्वी या कामाला तुमच्याएवढी मुलेही बसत. चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास २०१६ च्या कायद्याने मनाई केली आहे. एकाचा छंद, तोच दुसऱ्याचा पोटाचा धंदा. ज्योत दोघांपुढे सारखीच.

आता घरी गेल्यावर आईला तिचे काळे मणी दाखवायला सांगा. त्या मण्याला भोक कोणी पाडले, असे तिलाच विचारा. आणि उत्तर तुम्ही सांगा!

शब्दार्थ
सामता – भोक पाडण्याचे हत्यार.
कर्मशाळा – कारागिरांची काम करण्याची जागा.
पोत – काळ्या मण्यांची माळ.
निववणे – थंड करणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बहारीनचे सर्वांत जुने नाव कोणते?
(आ) बहारीनचे मोती भोक पाडण्यासाठी कोठे येत?
२. कारणे द्या.
(अ) कारागीर सळई सतत फिरवत राहतो.
(आ) घाईने बाहेर ठेवलेला मणी तडकतो.
३. 'एकाचा छंद, तोच दुसऱ्याचा पोटाचा धंदा' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. घरातील निरनिराळ्या मण्यांची यादी करा. प्रत्येक मणी कशाचा आहे ते लिहा.