श्वानांचा गोचीडजन्य ज्वर : वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

सातारा-सांगली भागात वस्तीवरील वा मेंढपाळाच्या कळपातील श्वान आजारी पडला की मालक प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो. म्हणून या व्याधीचा परिचय आपणां सर्वांस असणे आवश्यक आहे.

हेतू : श्वानाच्या अंगावरील तपकिरी गोचीड हा प्रमुख वाहक होय. त्याच्या दंशातून एर्लिकिया हा जिवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतो. बबेसिया हा परजीवीही गोचिडांमार्फतच येतो व तांबड्या पेशींचा नाश करतो.

लक्षणे : ज्वर, अरुची, ग्लानी व फिकट हिरड्या. एर्लिकियामध्ये प्लेटलेट घटून नाकातून रक्तस्राव होतो; बबेसियामध्ये कावीळ व गडद मूत्र आढळते. अशा वेळी पांडु, कामला, रक्तपित्त यांचे स्मरण होते. परंतु लक्षणसाम्यावरून मानवी चिकित्सा श्वानास लागू करणे योग्य नव्हे.

काही वर्षांपूर्वी आम्हीही ही चूक केली. एका मेंढपाळाच्या कारवानी श्वानास गुळवेलीचा काढा सांगितला. पाचव्या दिवशी रक्तस्राव सुरू झाल्यावर त्यास पशुवैद्यकाकडे नेले, परंतु तो दगावला.

चिकित्सा : रक्ततपासणीने निदान निश्चित करावे लागते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारणतः २८ दिवस देतात. बबेसियाचे औषध त्याच्या प्रकारानुसार बदलते. हा निर्णय नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच आहे. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

वर्ज्य : लसूण श्वानाच्या तांबड्या पेशींस घातक असल्याने पांडुत्व वाढवतो. आयबुप्रोफेनने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो. कापूरयुक्त तेल चाटल्यास विषबाधा संभवते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

निदानपरिवर्जन : येथे मात्र आपण निश्चित साहाय्य करू शकतो. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा, बोटांनी चिरडू नये. रक्त प्यायलेली मादी खाली पडून भिंतीच्या फटींत हजारो अंडी घालते. म्हणून फटी बुजवाव्यात व अंथरूण उकळत्या पाण्यात धुवावे. निंबतेल वा करंजतेल यांचा उपयोग फार तर गोचीड दूर ठेवण्यापुरता. रक्तात शिरलेल्या जंतूपर्यंत ते पोहोचत नाही.

यापुढे असा श्वान आल्यास प्रथम हिरड्या पाहाव्यात, गोचिडांविषयी विचारावे आणि त्याच दिवशी त्यास पशुवैद्यकाकडे पाठवावे, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधविक्रेत्यांस विनंती.