एकटीचं पान मांडून घे

जपानचं तिकीट काढलंस, व्हिसा आला, राहायची सोय झाली, आणि आता म्हणतेस, "ताई, बाकी सगळं निभावेन गं, पण रात्री जेवायला एकटी कुठे जाऊ? बॅगेत ठेपले, मेतकूट आणि कपातल्या नूडल्स भरून नेते, खोलीत बसून खाईन." मेतकूट ने, माझी काही हरकत नाही. पण इतक्या लांब जाऊन रोज संध्याकाळी सात वाजता खोलीचं दार लावून बसायचं, हे मात्र मी चालू देणार नाही.

खरं सांगू का, तुला धास्ती जेवणाची नाहीच. टोकियोच्या लोकलचा तो गुंतागुंतीचा नकाशा वाचून तू बरोबर ठिकाणी उतरशील, याची मला खात्री आहे. धास्ती आहे ती आत शिरल्यावर सगळ्या माना आपल्याकडे वळतील याची. आपल्याकडे बाईनं आधी सगळ्यांना वाढायचं आणि मागून बसायचं. हॉटेलात जायचं ते घरच्यांबरोबर. एकटी दिसलीच तर वेटर मुकाट्यानं 'फॅमिली रूम'कडे बोट दाखवणार. पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेलं हे सगळं विमानात बसल्याबरोबर कसं गळून पडेल? तेव्हा स्वतःला भित्री म्हणू नकोस.

आणि बघ, एकटीनं जेवायचा श्रीगणेशा करायला जपानसारखा देश नाही. रामेन, सोबा, करी, भातावर शिजवलेलं मांस घालून देणारी ग्यूदोनची दुकानं, कुठेही जा. स्वयंपाकाच्या जागेला लागून एक लांब फळी आणि तिच्यापुढे ओळीनं खुर्च्या. ऑफिस सुटलेली माणसं एकेकटी येतात, जेवतात, उठून जातात. फुकुओकाच्या इचिरान रामेनवाल्यांनी तर दोन खुर्च्यांच्या मध्ये लाकडी आडोसेच घातलेत. समोरचा छोटा पडदा वर होतो, वाडगा पुढे येतो, पडदा खाली. एकट्या माणसाच्या जेवणावर तिथे 'कोदोकु नो गुरुमे' नावाची चित्रकथा निघाली आणि २०१२ पासून तिच्यावरची टीव्ही मालिकाही गाजते आहे. गोष्ट काय, तर एक माणूस कामानिमित्त गावोगाव फिरतो, त्याला भूक लागते आणि तो एकटाच बसून मन लावून जेवतो. एवढंच! ज्या देशात लोक हे हौसेनं बघतात, तिथे तुझ्याकडे कोण वळून बघणार आहे गं?

सुरुवात रात्रीपासून करू नकोस, दुपारपासून कर. साडेअकरा ते दोनच्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी 'तेइशोकु' म्हणजे भात, मिसोचं सूप, लोणचं आणि एखादा मुख्य पदार्थ असं ताट मिळतं, तेही साधारण हजार येनच्या आसपास. दाराबाहेर काचेच्या कपाटात पदार्थांचे हुबेहूब नमुने बऱ्याचदा मांडलेले असतात. खाली किंमत लिहिलेली असते. बाहेर उभी राहून निवांत ठरव, मग आत जा. आत गेल्याबरोबर दुकानात काम करणारे सगळे मोठ्यानं स्वागताची हाळी देतील. दचकू नकोस, त्याला उत्तर द्यायचं नसतं. एक बोट वर कर, हसून मान हलव. तेवढं पुरतं. बसायला फळीजवळची खुर्ची माग. समोर हात चालताना दिसतात, त्यामुळे आपली नजर कुठे ठेवायची हा प्रश्नच उरत नाही.

रामेनच्या दुकानात दाराशी तिकिटाचं यंत्र असेल. आधी पैसे टाक, मग बटण दाब. चित्रं नसली तर सगळ्यात वरचं डावीकडचं बटण बहुतेक वेळा त्या दुकानाच्या खास पदार्थाचं असतं. तिकीट फळीवर ठेवलं की झालं, एक शब्दही बोलावा लागत नाही. जवळ हजार येनच्या नोटा आणि नाणी असू देत, जुन्या यंत्रांना मोठ्या नोटा चालत नाहीत. बाहेर रांग असेल तर जेवून लगेच उठायचं. निवांत बसायचं असेल तर जुन्या पद्धतीचं कॉफीचं दुकान, 'किस्सातेन' गाठ. नागोयात सकाळी कॉफी मागवलीस तर तिच्याच पैशांत टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं.

आता तुझी खरी अडचण, शाकाहार. इथे मी जरा दामटून सांगणार आहे. 'मांस नको' म्हटलंस की तुझ्यापुढे मासे येतील. मासे नकोत म्हटलंस तरी सुपात, आमटीत, भाजीवरच्या रसातसुद्धा 'दाशी' असते, आणि ती बहुतेक वेळा बोनितो माशाच्या सुक्या कापांपासून केलेली असते. वाढणाऱ्याच्या मनात फसवायचं नसतं, त्याच्या लेखी तो मासा नसून नुसती चव असते. म्हणून जपानी लिपीत एक चिठ्ठी लिहून घे: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी आणि माशाची दाशी चालत नाही. ती बसल्यावर दाखवण्यापेक्षा दारातच दाखव. नाही म्हणाले तर आभार मानून पुढच्या दुकानात. टोकियो स्टेशनात तिकिटाच्या फाटकाच्या आत 'टीज तानतान' आहे, तिथलं रामेन पूर्णपणे वनस्पतीजन्य. मेथीच्या भाजीची फारच आठवण आली तर निशिकासाईला जा, तिकडे पुष्कळ भारतीय कुटुंबं राहतात. आणि जमलं तर एक रात्र कोयासानच्या मंदिरात काढच. इ. स. ८१६ मध्ये कूकाई या भिक्षूनं वसवलेलं ते ठिकाण. तिथलं 'शोजिन' जेवण म्हणजे तिळाचा तोफू, गोठवून वाळवलेला कोया तोफू, कोंबू शेवाळ आणि शिताके अळंब्यांची दाशी. त्यात कांदा-लसूणसुद्धा नाही, अगदी आपल्या चातुर्मासासारखं. संध्याकाळी सहाच्या आत-बाहेर जेवण होतं, त्यामुळे एकटीनं रात्री हिंडायचा प्रश्नच नाही.

दोन-तीन दुपारी पार पडल्या की मग रात्रीचं इझाकाया, म्हणजे दारूबरोबर छोटे-छोटे पदार्थ देणारं दुकान. दारूच घेतली पाहिजे असं नाही, उलोंग चहा मागवलास तरी चालतो. बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी समोर येईल, तिला 'ओतोशी' म्हणतात. चुकून आली असं समजू नकोस. तिचे तीनशे-पाचशे येन बिलात लागतात, ती बसायच्या जागेची रीत आहे. ती वाटी शाकाहारी असेलच असं नाही, तेव्हा चिठ्ठी इथेही आधी काढ. पैसे दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे, तेही हातात नाही, तिथल्या लहानशा तबकात. टीप ठेवू नकोस, पैसे विसरलीस असं वाटून कुणीतरी रस्त्यापर्यंत मागे धावत येईल.

कुठे 'नाही' ऐकावं लागलं तर मनाला लावून घेऊ नकोस. समोर शिजवत खायचं नाबे काही ठिकाणी दोन माणसांपासूनच देतात, आणि आठ खुर्च्यांच्या दुकानात खरोखरच जागा नसते. तुझ्या एकटेपणाशी त्याचा संबंध नाही.

एका गोष्टीत मात्र माझं ऐकायचंच. शिंजुकूच्या काबुकीचो भागात रस्त्यात उभं राहून 'या, या, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याच्या मागे जायचं नाही, मग तो कितीही गोड बोलो. दाराबाहेर किंमत लिहिलेली नाही तिथे शिरायचं नाही. ग्लास सोडून हात धुवायला जायचं नाही. कुणी सहज गप्पांत विचारलं तर कुठल्या हॉटेलात उतरलीस ते सांगायचं नाही. एवढं पाळलंस की बाकी चिंता माझ्यावर सोड.

आणि जेवताना फोन पर्समध्ये ठेव बघू. तो हातात धरला की आपण सारखं कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं वाटतं, आणि तू तर कुणाचीच वाट बघत नाहीयेस. समोरचा माणूस कांद्याची पात कशी चिरतो ते बघ. नूडल्स सुर्रकन ओढल्यास तरी चालतं, तिथली तीच पद्धत आहे. फक्त चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नकोस, तसं ते मृताच्या नैवेद्याला करतात. उठताना 'गोचिसोसामा' म्हण, फळीपलीकडच्या माणसाचा चेहरा खुलतो.

तेव्हा ठेपले थोडे कमी कर, त्या जागी ती चिठ्ठी आणि हजाराच्या नोटा ठेव. आणि पहिल्या दुपारी काय खाल्लंस ते मला सविस्तर कळव, नुसता फोटो पाठवून सुटायचं नाही.