डोक्यातला कारभारी

गुऱ्हाळ तुम्ही पाहिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ते न पाहिलेला माणूस विरळाच. काहिलीत उसाचा रस उकळतो आहे. शेजारी गुळव्या उभा आहे. तो फेसाकडे बघतो, वास घेतो. चार थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. मग एकदम ओरडतो, "उतरवा!" उशीर झाला तर गूळ करपतो. घाई झाली तर ढेप बांधत नाही.

आता सांगा, हे काम कुणी केले? डोळ्यांनी? नाकाने? बोटांनी? छे! ते तर नुसते निरोपे. त्यांनी बातमी आणली. ठरवले ते डोक्यातल्या मेंदूने.

हा मेंदू दिसतो कसा? फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा किंवा सोललेल्या अक्रोडासारखा, वळ्यावळ्यांचा आणि मऊ. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. वजन एवढेसे, पण खाणे दांडगे. आपण श्वासावाटे जो प्राणवायू घेतो त्याचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. तो त्याला रक्तातून मिळतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेंदूचे ढोबळ भाग तीन. वरचा सर्वांत मोठा भाग म्हणजे मोठा मेंदू. त्याचे डावे आणि उजवे असे दोन अर्धे असतात. गंमत अशी, की डावा अर्धा उजव्या हातापायाला हुकूम देतो आणि उजवा अर्धा डाव्या. कपाळाच्या मागचा भाग विचार करतो, बेत ठरवतो, राग आवरतो. टाळूखालच्या भागाला स्पर्श कळतो. कानांजवळचा भाग ऐकलेले समजून घेतो. नव्या आठवणी पक्क्या होतात त्याही तिथेच, जरा आत. आणि दिसण्याचे काम? ते डोक्याच्या अगदी मागच्या भागाचे. डोके मागे आपटले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ना? मार डोळ्यांना नसतो, पण बघणाऱ्या भागाला धक्का बसतो.

त्याच्या खाली, मागच्या बाजूला लहान मेंदू. तोल सांभाळणे आणि हातापायांचा मेळ घालणे हे याचे काम. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. तिथे डाव टाकणारा पैलवान विचार करत बसत नाही. हजारदा घोटलेला डाव अंगातून आपसूक निघतो, त्यामागे लहान मेंदू असतो. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले. दंड तर कमावलेले होतेच, पण लहान मेंदूही तितकाच कमावलेला होता. दारुड्याच्या झोकांड्या जातात त्याही दारू या भागाला गुंगवते म्हणून.

तिसरा भाग म्हणजे मेंदूचा देठ. त्याचे खालचे टोक ते मस्तिष्कपुच्छ. श्वास चालवणे, काळजाचे ठोके सांभाळणे, घास नीट गिळवणे ही कामे इथून चालतात. आपण झोपतो, हा झोपत नाही.

देठाखाली पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू उतरतो. गरम काकवीचा थेंब हातावर उडाला तर हात आधी झटकला जातो आणि "आई गं!" मागून येते. हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूच देऊन टाकतो. वरच्या कारभाऱ्याला विचारायला वेळ कुठे?

आता त्याच गुळव्याची गोष्ट पुढे ऐका. समजा, एका सकाळी चहाचा कप त्याच्या उजव्या हातातून गळून पडला. तोंड एका बाजूला ओघळले. बोलायला गेला तर शब्द फुटेना. शेजारी म्हणाले, "वारं गेलंय अंगावरनं. तेल चोळा, पाणी पाजा." सून शहाणी. ती म्हणाली, "मामा, हात वर करा बघू." डावा हात वर गेला, उजवा खाली पडला. तिने लगेच १०८ ला फोन लावला.

हा अर्धांगवायू. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटते. रक्त पोचत नाही आणि पेशी मरू लागतात. म्हणून एकेक मिनिट मोलाचे. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन आहे. पण ते सुरुवातीच्या साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते. त्याआधी सीटी स्कॅन यंत्राने डोक्याचा फोटो काढतात. वाहिनी फुटली असेल तर तेच इंजेक्शन घात करील. म्हणून हे यंत्र असलेला मोठा दवाखाना गाठावा. आणि पाणी पाजू नये, कारण गिळण्याचे बिघडले असले तर ते श्वासनलिकेत उतरते.

उजवा हात आणि बोलणे एकदमच का गेले? कारण बहुतेकांची बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरपुढे एक रोगी आला. काहीही विचारा, तो फक्त "तां" म्हणे. मात्र दुसऱ्याचे बोलणे त्याला समजे. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला आढळला.

या दुखण्याचे मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून मोजूनच घ्यावा लागतो. तंबाखूने धोका आणखी वाढतो.

मेलेली पेशी जिवंत होत नाही. पण शेजारच्या पेशी तिचे काम थोडेफार शिकू शकतात. तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात, तेव्हा ती ओळखण्याचे काम मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागाने नव्याने अंगावर घेतले. तसेच हे. आमच्या गुळव्याला सून रोज एक वस्तू दाखवी आणि नाव विचारी. तांब्या, चमचा, दोरी. कित्येक दिवस नुसते ओठ हलत. मग एकदा तिने हातावर गुळाचा खडा ठेवला. तो पुष्कळ वेळ खड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "करपलाय."