थकलेला उत्प्रेरक आणि चुना

खनिज तेलाच्या जड अंशापासून पेट्रोल मिळवायचे, तर त्यातील लांबलचक रेणू फोडावे लागतात. हे काम उत्प्रेरकाची बारीक भुकटी करते. वायूच्या प्रवाहात ती द्रवासारखी वाहत राहते. या पद्धतीचे पहिले संयंत्र १९४२ साली अमेरिकेतील बॅटन रूज येथे सुरू झाले.

आजच्या भुकटीत झिओलाइट नावाचे सच्छिद्र स्फटिक असतात. तेल फोडताना कणांवर कोळसा साचतो. तो सुमारे ७०० अंश सेल्सियस तापमानाला जाळून कण पुन्हा कामास लावतात. अशा असंख्य फेऱ्यांत स्फटिकांची रचना ढासळते, शिवाय तेलातील निकेल व व्हॅनेडियम त्यांवर बसतात. मग भुकटीचा काही भाग काढून नवी घालावी लागते. काढलेली भुकटी पुष्कळ ठिकाणी जमिनीत पुरली जाते.

वस्तुतः ती निकामी झाली ती केवळ तेलाच्या दृष्टीने. तिच्यातील सिलिका आणि अ‍ॅल्युमिना अद्याप क्रियाशील असतात. सिमेंटचा पाण्याशी संयोग झाला, की विरलेला चुना मोकळा होतो. त्याला स्वतःचे बळ फारसे नसते. परंतु ही भुकटी भेटली, की दोहोंपासून नवे बंधक पदार्थ तयार होतात. आपली सुरखी याहून वेगळे काय करीत होती? १८९५ साली पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरण चुना आणि सुरखी यांच्याच बळावर बांधले गेले. गवंड्याला समीकरण ठाऊक नव्हते, इतकेच.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की भुकटी आणखी दळली असता तिची क्रियाशीलता पुष्कळ वाढते. औष्णिक वीजकेंद्रातील राखेला आपला गुण दाखविण्यास कित्येक आठवडे लागतात. ही भुकटी पहिल्या काही दिवसांतच कामास लागते.

अडचणी मात्र आहेत. सच्छिद्र कण पाणी शोषून घेतात आणि काँक्रीट घट्ट होते. पाणी वाढवावे, तर मजबुती घटते. म्हणून मिश्रण प्रवाही करणारी रसायने घालावी लागतात. शिवाय धातू पाण्यात झिरपतात की नाही, याची परीक्षा प्रत्येक कारखान्याच्या भुकटीसाठी स्वतंत्रपणे करावयास हवी. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे लावणे धोक्याचे.

जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते, तर ही भुकटी काही लाख टनच निघते. सिमेंटची भट्टी तिच्यामुळे विझणार नाही. पण जेथे दोन्ही कारखाने शेजारी आहेत, तेथे हिशेब निराळा होतो. गुजरातेत जामनगरजवळ अवाढव्य तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, आणि त्याच परिसरात सिक्का येथे सिमेंटचा कारखानाही आहे.